श्रद्धेविषयी शंका असताना मंडळीत (चर्चमध्ये) राहावे का?

नगरकर:
गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ आजारपणात गेला. त्यानंतरच्या रविवारी उपासनेत सर्वांबरोबर विश्वासाचा अंगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारे ठरलेले शब्द, म्हणायला मी उभा राहिलो आणि ‘देहाचे पुनरुत्थान’ या शब्दांपाशी माझा आवाज थांबला. शेजारच्या बाकावरच्या वृद्ध मावशी ते शब्द नेहमीसारखे सावकाश म्हणत राहिल्या. जे मनापासून म्हणता येत नाही ते म्हणायला दर आठवड्याला जाणे हा खोटेपणा आहे, असे त्या दिवशी वाटले; आज तसे वाटत नाही. शंका मंडळीत बोलून दाखवावी आणि मंडळीतच राहावे, असे माझे मत आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि पुढे त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मूळ सिद्धांतांवर, ज्यांनी त्यांना आसरा दिला त्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशीच पत्रांतून सडेतोड वाद घातला. केवळ चर्च सांगते म्हणून मानणार नाही, शास्त्र स्वतः वाचून पटेल तेच मानीन, ही त्यांची भूमिका होती. तरी ख्रिस्ताला त्यांनी सोडले नाही.

जुना सेवक:
आपल्या दुःखात मी सहभागी आहे, पण रमाबाईंचे उदाहरण आपण अर्धेच दिले. स्वतःला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता, असे त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे. म्हणजे वादाचा तो काळ त्यांनी स्वतःच अपुरा ठरवला. पुढे केडगावला निराधार स्त्रियांसाठी मुक्ती मिशन उभारताना आणि मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल मराठीत आणताना, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेल्यावरही, त्यांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. ते बळ शंकेतून येत नाही. शिवाय मंडळीत नुकतीच विधवा झालेली बाई बसलेली असते, मुलाच्या उपचारांसाठी कर्ज काढलेला बाप बसलेला असतो; त्यांच्यासमोर आपली शंका मांडणे हा प्रामाणिकपणा असेलही, पण त्यात प्रीती नाही. शंका पाळकांच्या (मंडळीच्या धर्मगुरूंच्या) घरी जाऊन बोलावी.

रानवाट:
मी बारा वर्षांपूर्वी मंडळी सोडली. ‘राहणारा प्रामाणिक’ असे म्हणताना ‘सोडणारा उथळ’ हे न बोलता सुचवले जाते, आणि ते मला मान्य नाही. मी दोन वर्षे रोज गुडघे टेकले आणि मगच थांबलो. जखमा पाहिल्याशिवाय येशूचे पुनरुत्थान मानणार नाही असे म्हणणाऱ्या थोमा या शिष्याचा दाखला आम्हाला नेहमी देतात, पण थोमाला जखमा पाहायला मिळाल्या. मला काय पाहायला मिळाले? न पटणारे शब्द नातेवाइकांसाठी उच्चारत राहणे, याला मी विश्वास म्हणू शकत नाही.

वसईची लेक:
मी कॅथलिक घरातली आहे, म्हणून मदर तेरेसांचे उदाहरण देते. त्यांच्या मृत्यूनंतर, २००७ मध्ये, त्यांची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली तेव्हा कळले की अनेक दशके त्यांना प्रार्थनेत देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते. हे त्यांनी मोजक्या धर्मगुरूंना सांगितले, आणि पहाटेची प्रार्थना व आजाऱ्यांची सेवा चालू ठेवली. त्यामुळे ‘ते बळ शंकेतून येत नाही’ हे सेवकांचे म्हणणे मला पटत असले, तरी अंधार असताना बळ येतच नाही, असे कोणी म्हणू नये. मात्र शंका कोणाजवळ बोलावी याबाबत मी त्यांच्याच बाजूची आहे.

नगरकर:
सेवक, भर उपासनेत उठून बोलावे असे मला म्हणायचे नव्हते. ते मी नीट लिहायला हवे होते. पण पाळकांच्या घरापर्यंत पोहोचण्याआधीच माणूस गप्प होतो, कारण ‘देवाची इच्छा’ एवढे एकच उत्तर त्याने दाराशीच ऐकलेले असते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, तरी ते पवित्र शास्त्रातून कोणी काढले नाही.

रानवाट, आपल्याला मी उथळ मानत नाही. थोमाला पाहायला मिळाले आणि आपल्याला मिळाले नाही, याला माझ्याजवळ उत्तर नाही. योहानाच्या शुभवर्तमानात मी हल्ली त्याच्या आधीचे आठ दिवस वाचतो. इतरांनी प्रभूला पाहिले होते, थोमाने पाहिले नव्हते आणि मानणारही नाही असे तोंडावर सांगितले होते. तरी आठव्या दिवशी तो त्यांच्याबरोबर त्याच घरात होता. त्याला कोणी बाहेर काढले नव्हते. मावशींच्या शेजारी मी अजून त्या शब्दांपाशी थांबतो, आणि त्या माझ्याकडे वळून न पाहता पुढचे म्हणतात.