मदत हवी आहे: सोलापूरच्या उन्हाळ्यात सिगार कमी खर्चात कसे टिकवायचे?

शेंगाचटणी
नमस्कार मंडळी. २८ सिगार आहेत, ते दिवाळीपर्यंत नीट टिकवायचेत. मुक्काम सोलापूर, वरच्या मजल्यावरचं घर, वर थेट स्लॅब. आत्ता दुपारी खोलीत ३८ अंश आणि आर्द्रता २२ टक्के दिसते. सध्या स्टीलच्या डब्यात ओला स्पंज ठेवून त्यावर सिगार ठेवलेत. डब्यातला आर्द्रतेचा आकडा कधी ५० तर कधी ८५, एका जागी थांबतच नाही. दोन सिगारांवर पांढरे ठिपके आलेत, एकाचं वरचं पान उकललंय. लाकडी ह्युमिडॉर (सिगारची ओल राखणारी पेटी) परवडणारा नाही. हजार रुपयांच्या आत काय करता येईल? कृपया जाणकारांनी सांगावं.

कंबर_तलाव
आधी एक सांगा, सिगार कुठले? तिरुचिरापल्ली-दिंडिगलकडचे चिरूट किंवा डच पद्धतीचे मशीनवर केलेले बारीक सिगार असतील तर हा सगळा खटाटोप नको. ते कोरडेच ओढायचे असतात, नुसत्या घट्ट डब्यात राहतात. क्युबा, डॉमिनिकन, निकाराग्वा अशा ठिकाणचे हाताने वळलेले असतील तरच आर्द्रता सांभाळावी लागते.

शेंगाचटणी
हाताने वळलेलेच आहेत. निकाराग्वाचे २०, डॉमिनिकन ८. सगळे सेलोफेनमध्ये.

ओलासूत
मग नीट बोलू या. पहिली गोष्ट, स्पंज आजच्या आज बाहेर काढा. सिगारला ओल देणं सोपं आहे, ती हव्या त्या ६५ टक्क्यांवर थांबवणं अवघड, आणि साध्या पाण्याला थांबायचं कुठे ते कळत नाही. बंद जागेत ते १०० टक्क्यांकडेच निघतं. हिशेब करून बघा: २५ अंशांना पाच लिटर हवेत ६५ टक्के आर्द्रता म्हणजे जेमतेम ०.०८ ग्रॅम पाणी. तुमच्या स्पंजात २०-३० ग्रॅम तरी असेल. उरलेलं सगळं तंबाखू पितो, आतला भरणा फुगतो आणि वरचं पान फाटतं. वर स्टीलच्या डब्याचं झाकण सैल, त्यातून एप्रिलची कोरडी हवा आत शिरते. म्हणून तुमचा आकडा वर-खाली नाचतोय. बटाट्याची काप, सफरचंदाची फोड, पावाचा तुकडा, हे उपायही त्याच जातीचे, त्यात बुरशी फुकट मिळते.

आता काय करायचं ते क्रमाने सांगतो.

डबा: चारही बाजूंनी क्लिपा लागणारा, झाकणात सिलिकॉनची रिंग असलेला पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या. नवीनच घ्या, मसाल्याचा किंवा लोणच्याचा जुना डबा कितीही धुतला तरी वास सोडत नाही आणि तंबाखू वास फार पटकन धरतो. कोमट पाण्याने धुऊन दोन-तीन दिवस उघडा ठेवा, आत वाटीभर खाण्याचा सोडा ठेवला तर उत्तम. मग आत टिश्यू पेपर ठेवून डबा बंद करा आणि बादलीत उलटा पाच मिनिटं दाबून धरा. टिश्यू कोरडा निघाला तर डबा पास.

हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचा मीटर: स्वस्त डिजिटल चालतो, पण त्याच्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. तीन-पाच टक्क्यांची चूक नेहमीची. मिठाची चाचणी करा. सोड्याच्या बाटलीच्या बुचात बारीक मीठ अर्ध्यापर्यंत भरा, त्यावर डिस्टिल्ड वॉटरचे थेंब टाका, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे. वर पाणी तरंगायला लागलं तर चाचणी बाद. हे बूच आणि हायग्रोमीटर झिप पिशवीत हवा न काढता बंद करा, २४ तास हात लावू नका. आतली हवा ७५ टक्क्यांना थांबते, २० ते ३० अंशांत हा आकडा जवळपास हलत नाही. मीटर ७१ दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी ४ मिळवायचे. पिशवी खोलीच्या थंड कोपऱ्यात ठेवा. खडे मीठ किंवा सैंधव वापरू नका, त्यात इतर क्षार मिसळलेले असू शकतात आणि आकडा चुकतो.

ओल: दोन रस्ते. सरळ रस्ता म्हणजे बोवेदासारखं ६५ टक्क्यांचं ६० ग्रॅमचं पाकीट. आत क्षाराचं संपृक्त द्रावण असतं, ते कमी असेल तर ओल देतं आणि जास्त असेल तर ओढून घेतं. २५ सिगारांना एक असा हिशेब आहे, तुम्ही दोन टाका. पाकीट पूर्ण कडक झालं की संपलं.

दुसरा, त्याहून स्वस्त रस्ता म्हणजे ग्लिसरीन. पुढच्या प्रतिसादात लिहितो, जरा सविस्तर आहे.

ओलासूत
ग्लिसरीनचं. औषधाच्या दुकानात १०० मिलीची बाटली मिळते. लेबलवर नुसतं ग्लिसरीन आयपी लिहिलेलं हवं. गुलाबपाणी मिसळलेलं ग्लिसरीन शेजारीच ठेवलेलं असतं आणि मागितलं की बऱ्याचदा तेच हातात देतात. ते घेतलं तर सगळ्या सिगारांना गुलाबाचा वास.

१०० मिली ग्लिसरीन म्हणजे साधारण १२६ ग्रॅम. त्यात ६० मिली डिस्टिल्ड वॉटर घाला. एकूण १८६ ग्रॅम, त्यात वजनाने ग्लिसरीन ६८ टक्क्यांच्या आसपास. हे मिश्रण बंद डब्यात आर्द्रता ६५ ते ७०च्या मधे धरून ठेवतं, पाकिटासारखंच दोन्ही बाजूंनी काम करतं. पाणी बॅटरीच्या दुकानातलं चालेल, पण बाटलीवर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड लिहिलेलं बघा. तिथे ॲसिडही तशाच बाटलीत असतं. नळाचं पाणी नको, आपल्याकडचं जड आहे. आरओमध्येही क्षार उरतातच.

निम्मं मिश्रण, ९३ ग्रॅम, पसरट वाटीत घ्या. त्यात कापूस भिजवा, वर मलमलचं फडकं ताणून रबर लावा. वाटी डब्याच्या कोपऱ्यात दुहेरी टेपने चिकटवा, कारण सांडलं आणि सिगारला लागलं तर तो सिगार गेला. उरलेलं मिश्रण बाटलीत घट्ट बंद.

आता खरी सोय ऐका. ग्लिसरीन उडून जात नाही, उडतं ते फक्त पाणी. म्हणून पहिल्या दिवशी वाटीचं भरलेलं वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर घेऊन झाकणावर लिहून ठेवा. महिन्याने वजन ८ ग्रॅमने कमी भरलं तर बरोबर ८ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर घाला, मिश्रण पुन्हा मूळ प्रमाणावर. अंदाजाने शिंपडाशिंपडी करायची नाही. वजन वाढलेलं दिसलं तर पाणी मुळीच घालू नका, डबा बाहेरून किंवा ओल्या सिगारांकडून ओल घेतोय असं समजा.

यात घाई नसते. कोरड्या सिगारला पूर्वपदावर यायला तीन-चार आठवडे लागतात.

हुरडा_जानेवारी
आपल्या सोलापुरात विडीकाम घरोघरी चालतं. तेंदूपान ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, दिवसभर मऊ राहतं. सिगारही तसेच ठेवले तर?

कंबर_तलाव
नको हो. विडीत पान ओलं करतात ते कापताना आणि वळताना चिरू नये म्हणून, तेवढ्या दिवसापुरतं. वळून झाल्यावर विडी शेकून कोरडीच करतात. सिगार तर वळून तयार झालेला आहे, त्याला महिनोन्महिने ६५वर ठेवायचाय. ओल्या फडक्यात आठवड्याच्या आत बुरशी.

ठिपक्यांचं राहिलं. पांढरं, कापसासारखं, किंचित उभं किंवा निळसर-हिरवं दिसलं आणि पुसल्यावर डाग राहिला तर बुरशी. बुरशी फक्त वरच्या पानावर असेल तर घराबाहेर नेऊन कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि ते दोन सिगार वेगळ्या पिशवीत ठेवा. उघड्या टोकाला, म्हणजे पेटवायच्या बाजूला, आत गेलेली दिसली तर सरळ टाकून द्या, एका सिगारपायी बाकीचे पणाला लावू नका. उकललेलं पान चिकटवायच्या भानगडीत आत्ता पडू नका, ओल स्थिर झाली की बघू.

धोटा
ओलाव्याबद्दल सगळं बरोबर सांगितलंय, पण सोलापुरात अर्धं दुखणं उष्णतेचं आहे आणि धाग्यात त्याचा उल्लेखच नाही. सिगार १८ ते २१ अंशांत ठेवावेत असं म्हणतात. २४-२५च्या वर गेलं की तंबाखूच्या किड्याची अंडी फुटायला लागतात. अंडी पानात आधीपासून असू शकतात, दिसत नाहीत. पुढे टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली बारीक भुकटी दिसते, तोवर उशीर झालेला असतो. ३८ अंशांत आर्द्रता ६५ टक्के नेमकी ठेवलीत तर तुम्ही किड्याचीच सोय करताय.

म्हणून आधी फ्रीझर. सगळे सिगार झिप पिशवीत, ती दुसऱ्या झिप पिशवीत, दोन्हींतली हवा दाबून काढा. एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस उणे १८च्या फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये, मग एक दिवस बाहेर. या पूर्ण वेळात पिशवी उघडायची नाही. थेट फ्रीझरमधून बाहेर काढलं की पान चिरतं, आणि लगेच उघडलं की थंड सिगारवर दव धरतं.

त्यानंतर डबा थंड ठेवायचा. इथे आपल्या कोरड्या हवेचा फायदा घ्या. मागावर काम केलेल्यांना ओला-कोरडा थर्मामीटर (दोनांची जोडी, एकाच्या टोकाला ओलं फडकं) माहीत असतो, हवा कोरडी झाली की सूत तुटतं म्हणून तो शेडमध्ये टांगलेला असायचा. ३८ अंश आणि २२ टक्क्यांना ओल्या फडक्याचा थर्मामीटर २२च्या आसपास दाखवतो. म्हणजे नुसतं पाणी सुकवून तिथपर्यंत उतरायला वाव आहे. एका मोठ्या माठात दुसरा माठ बसवा, मधे तीन बोटं जाड वाळू, सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी. तोंडावर ओलं गोणपाट. सावलीत आणि वाऱ्यावर ठेवा, बंद कपाटात ठेवलंत तर काही होणार नाही. आत २६-२७ अंश सहज मिळतात. डबा मोठ्या झिप पिशवीत घालूनच माठात उतरवा, कारण आतली भिंत ओलीच राहते. डबा पाच लिटरचा आहे, आतल्या माठाचं तोंड मोजून घ्या.

मृग लागून हवा दमट झाली की माठ काढून टाका. ऑगस्टमध्ये २८ अंश आणि ८० टक्क्यांना ओला थर्मामीटर २५च्या वर असतो, फरक दोन-तीन अंशांचा, आणि ओल्या माठाला बुरशी धरते ती वेगळीच. तोवर खोलीही थंड झालेली असते.

हुरडा_जानेवारी
एवढं करण्यापेक्षा डबा कायमचा फ्रिजमध्ये ठेवला तर? फ्रिज सगळं वाळवतो असं ऐकलंय, पण डबा घट्ट असेल तर काय बिघडणार?

धोटा
डबा खरंच घट्ट असेल तर वाळत नाही, ते बरोबर. त्रास दोन. एक, वास: रिंग जरा सैल झाली की लसूण-कांदा आत. दुसरा, दर वेळी डबा बाहेर काढून उघडला की दव. उघडायच्या आधी रात्रभर बाहेर बंद ठेवावा लागतो. मे महिन्याचे चार आठवडे काढायला, डबा न उघडता, भाजीच्या कप्प्यात ठेवायला माझी हरकत नाही. वर्षभर मात्र नको.

ओलासूत
धोटा यांच्याशी सहमत, आणि त्यावरून एक दुरुस्ती: २५च्या वर तापमान असेल तर ६९-७०च्या मागे लागू नका, ६२ ते ६५ ठेवा. ७२-७५च्या पुढे गेलं की बुरशी ठरलेली. ग्लिसरीनमध्ये पाणी ६०ऐवजी ५२-५३ मिली घातलं तर आकडा दोन-तीन टक्क्यांनी खाली येतो. डब्यात देवदाराच्या फळ्या घालायचा मोह होतो, घालू नका, त्याचा राळेचा वास तंबाखूत उतरतो. सिगारच्या खोक्यातली स्पॅनिश सीडरची पातळ पट्टी असेल तर ती जरूर ठेवा.

शेंगाचटणी
सगळ्यांचे आभार. मिठाच्या चाचणीत मीटर ७१वर थांबला. फ्रीझरचं चक्र पूर्ण केलं. ग्लिसरीन १०० मिली, पाणी ५३ मिली. डबा माठात ठेवून आज बारावा दिवस, आत २६ अंश आणि मीटरवर ५८ दिसतंय. थोडं पाणी वाढवू का? वाटीचं वजन केलं, ६ ग्रॅमने कमी भरलं.

ओलासूत
५८ अधिक ४, म्हणजे खरे ६२. कोरडे पडलेले सिगार अजून पितायत, म्हणून ६ ग्रॅम गेले. तेवढेच ६ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर कापसावर ड्रॉपरने सोडा, त्याहून एक थेंबही जास्त नको. डबा आता दोन आठवड्यांनी उघडा, तोही रात्री, हवा थोडी दमट असते तेव्हा. वरचे सिगार खाली आणि खालचे वर करा, वाटीजवळचे नेहमी आधी भिजतात.

कंबर_तलाव
आणि ते वेगळे ठेवलेले दोन त्या दिवशी पुन्हा उजेडात धरून बघा. परत पांढरं उगवलं नसेल तर सेलोफेन बदलून मगच डब्यात घ्या.