मदत हवी आहे : मिरजेतील रुग्णालयाच्या तीन वर्षांच्या करारावर सही करण्यापूर्वी

नमस्कार. मी एम.डी. मेडिसिन असून शासकीय रुग्णालयातील माझी एक वर्षाची बंधपत्रित सेवा पुढील महिन्यात संपत आहे. मिरजेतील एका खासगी रुग्णालयाने मला पूर्णवेळ फिजिशियन म्हणून बोलावले असून कराराचा अकरा पानी मसुदा हाती दिला आहे. रुग्णालयाचे संचालक हे माझे पदव्युत्तर शिक्षणाच्या काळातील सर आहेत, आणि सांगली-मिरजेतील डॉक्टरांचे वर्तुळ तर इतके लहान आहे की एकाच्या ओपीडीत बोललेले संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच्या आयसीयूत पोचते. त्यामुळे प्रत्येक कलमावर घासाघीस करण्याचा संकोच वाटतो आणि म्हणून आधी येथे विचारत आहे.

पहिल्या वर्षी दरमहा २,२५,००० रुपयांची मिनिमम गॅरंटी असून दुसऱ्या वर्षापासून ओपीडी आणि व्हिजिटच्या शुल्कातील ठरावीक हिस्सा मिळेल. ही रक्कम पगार नसून व्यावसायिक शुल्क असेल आणि त्यातून १० टक्के टीडीएस कापला जाईल. तीन वर्षांच्या आत काम सोडल्यास मला ६ लाख रुपये भरावे लागतील. मूळ पदवी आणि नोंदणी प्रमाणपत्र रुग्णालयाकडे जमा ठेवावे, असेही एक कलम आहे.

माझी खरी अडचण नवव्या पानावर आहे. काम सोडल्यानंतर दोन वर्षे मिरजेपासून २५ किलोमीटरच्या परिघात मी कोठेही प्रॅक्टिस करू नये, असे त्यात म्हटले आहे. नकाशावर ते वर्तुळ काढून पाहिले, तेव्हा सांगली, कुपवाड, विश्रामबागेतील आमचे राहते घर आणि कोल्हापूर जिल्ह्यातील जयसिंगपूरसुद्धा त्यात आले. वडील साखर कारखान्यातून निवृत्त झाले आहेत आणि पुढे सांगलीतच स्वतःचा दवाखाना काढावा या विचाराने मी पुण्याची संधी नाकारली होती. ज्या मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडले आणि जेथे आज दवाखान्याला दवाखाना लागून आहे, तेथे एका फिजिशियनच्या दोन खोल्यांची एवढी धास्ती का वाटावी, हे मला कळलेले नाही.

आर्थिक बाजू थोडक्यात सांगतो. शैक्षणिक कर्ज १४ लाख रुपये, व्याज साडेदहा टक्के. विमा एकही नाही. विमा एजंट असलेले मामा वर्षाला दीड लाख हप्त्याची एंडोमेंट पॉलिसी (विमा आणि बचत एकत्र) घेऊन आले आहेत आणि वडिलांना प्लॉट घ्यावा असे वाटते. २५ किलोमीटरची अट कायद्याने टिकते का, पगाराऐवजी शुल्क घेण्यात माझे हित आहे का, आणि पहिल्या वर्षीचा पैसा आधी कोठे लावावा, याविषयी जाणत्यांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (साताऱ्यातील फिजिशियन, बावीस वर्षे प्रॅक्टिस)

डॉक्टर, तुम्ही नवव्या पानावर अडलात, पण माझ्या मते गोम पहिल्याच पानावर आहे. हमी एका वर्षाची आणि बांधिलकी तीन वर्षांची, हा व्यवहार बरोबरीचा नाही. दुसऱ्या वर्षी तुमचा हिस्सा ८० हजारांवर आला तरी सहा लाखांच्या धाकाने तुम्ही हलू शकणार नाही. सरांकडे एकच मागणी करा: जितकी वर्षे बांधिलकी, तितकी वर्षे गॅरंटी, किंवा दोन्ही एकेक वर्ष. ही मागणी करताना कोणाच्या हेतूविषयी बोलावे लागत नाही, म्हणून संबंधही बिघडत नाहीत.

कराचे म्हणाल तर २०२५-२६ च्या दरांनी आकडे मांडून पाहा. वर्षाचे २७ लाख पगार म्हणून आले, तर नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरूनही कर ३,८२,२०० रुपये होतो. तेच शुल्क म्हणून आले आणि १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४४एडीए खाली, म्हणजे खर्चाचा हिशेब न मांडता, निम्मे उत्पन्न दाखवले, तर कर ८५,८०० रुपये होतो आणि कापलेल्या २ लाख ७० हजारांतील बरीच रक्कम परत मिळते. मात्र पीएफ, ग्रॅच्युइटी आणि पगारी रजा यांवर पाणी सोडावे लागते, आणि उद्या दवाखान्यासाठी कर्ज मागायला गेलात की बँक तुमच्या विवरणपत्रातील साडेतेरा लाखच पाहते.

इंडेम्निटी विमा, म्हणजे रुग्णाने भरपाई मागितल्यास उपयोगी पडणारा विमा, मात्र स्वतःच्या नावाने घ्याच. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवले आहे, आणि तक्रार दोन वर्षांपर्यंत दाखल होऊ शकते. बहुतेक पॉलिसी दावा ज्या काळात येतो त्या काळात चालू असाव्या लागतात. रुग्णालय सोडले म्हणून पॉलिसी खंडित केली, तर जुन्या रुग्णाच्या नोटिशीला तुम्ही एकटेच उरता. त्यानंतर मुदतीचा साधा जीवनविमा, कुटुंबाचा आरोग्यविमा, सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक, आणि मग उरेल ते सगळे कर्जात. साडेदहा टक्क्यांचे कर्ज डोक्यावर असताना प्लॉट घेऊ नये. मामांना काय सांगायचे ते मात्र तुमचे तुम्ही पाहा.

प्रतिसाद २ (वकील, सांगली)

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसाय करण्यास मनाई करणारा करार त्या मनाईपुरता रद्दबातल असतो. श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये, करार संपल्यानंतर लागू होणारे असे बंधन अमलात आणता येत नाही, असे म्हटले. करार चालू असतानाचे बंधन मात्र वेगळे: त्या काळात इतरत्र काम करू नये ही अट सहसा टिकते. मुदतीआधी सोडल्यास द्यायची ठरावीक रक्कमही सर्वस्वी बेकायदा नाही. २०२५ मध्ये एका बँकेच्या अशाच दोन लाखांच्या अटीला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. परंतु कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असून न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते. म्हणून सहा लाखांची रक्कम दर महिन्याला कमी होत जाईल, असे लिहून घ्यावे.

कलम टिकणार नाही म्हणून निर्धास्त सहीही करू नये. नोटीस आली तर उत्तर द्यावे लागते, तारखा कराव्या लागतात, आणि दिवाणी दाव्याच्या गतीपुढे तुमची दोन वर्षे आधी संपतील. कलम काढून घ्यावे. मूळ प्रमाणपत्रेही देऊ नयेत, साक्षांकित प्रती पुरेशा आहेत.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. हमी आणि बांधिलकी यांतील तफावत माझ्या ध्यानातच आली नव्हती. काल सरांना भेटलो. दोन्ही गोष्टी दोन वर्षांच्या करण्यास ते तयार झाले, प्रमाणपत्रांचे कलम त्यांनी स्वतःच खोडले, आणि २५ किलोमीटरऐवजी ‘मिरज शहर, सहा महिने’ असे लिहू म्हणाले. वकीलसाहेबांच्या सल्ल्याप्रमाणे तेही काढावे असे पत्र मी आज देत आहे.

एक प्रश्न उरतो. शासनाच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णांच्या शुल्कातील माझा हिस्सा रुग्णालयाकडे रक्कम जमा झाल्यावर मिळेल, असे मसुद्यात आहे. परंतु मी सोडून गेल्यानंतर जमा झालेल्या रकमेचा त्यात उल्लेखच नाही. अशा थकीत हिश्श्यासाठी करारात नेमके कसे लिहून घ्यावे, हे ज्यांनी लिहून घेतले असेल त्यांनी कृपया सांगावे. सोमवारी सही आहे.