मदत हवी आहे: वडिलांच्या हार्टमध्ये कॅथेटरने स्टेम सेलचं इंजेक्शन द्यायचं म्हणतायत, कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतच असते, लिहायची वेळ पहिल्यांदा आलीय. लांबलचक होईल, पण अर्धवट सांगितलं तर कुणाला नीट उत्तर देता येणार नाही म्हणून सगळं लिहितेय.

माझे वडील, आम्ही आप्पा म्हणतो, वय ६६, तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मागच्या वर्षी फेब्रुवारीत, ऐन काढणीच्या गडबडीत, रात्री छातीत जळजळायला लागलं, पित्त झालं असेल म्हणून सोडा पिऊन झोपले आणि पहाटे घामाने बनियन ओलंचिंब झालं तेव्हा कुठे दादाला उठवलं. मिरजेला पोचेस्तोवर दहाएक तास गेले होते. पुढच्या बाजूची मोठी रक्तवाहिनी, एलएडी, पूर्ण बंद. स्टेंट टाकला, जीव वाचला, पण पुढच्या भिंतीचा बराच मसल गेला तो गेलाच. ईएफ, म्हणजे हार्ट एका ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते, २५. महिन्याने टूडी इको केला तर हार्टच्या टोकाला फुगवटा आलेला आणि त्यात रक्ताची गुठळी. मग सहा महिने रक्त पातळ करायची गोळी, दर थोड्या दिवसांनी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी. सप्टेंबरच्या इकोत गुठळी दिसली नाही, ईएफ २८.

आत्ता कसे आहेत तर घरातल्या घरात ठीक. विहिरीपर्यंत जाऊन यायचं तर मधे दोनदा थांबतात. रात्री दोन उशा लागतात. मिरजेच्या डॉक्टरांनी रोज सकाळी वजन करायला सांगितलंय, एकदम दोन किलो वाढलं तर फोन करायचा. आप्पा ते वजन फवारणीच्या वहीत लिहितात, म्हणजे एका ओळीत कुठल्या प्लॉटला कुठलं औषध मारलं आणि खालच्या ओळीत "६१.४, पायावर सूज नाही". एक दिवस चुकवलेला नाही त्यांनी.

आता मूळ मुद्दा. दादाला कुणीतरी एका खाजगी सेंटरचं नाव सांगितलं (नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका). ते म्हणतात कमरेच्या हाडातून बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, काढायचा, त्यातल्या स्टेम सेल (नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी) वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी मांडीतून कॅथेटर, म्हणजे बारीक लांब नळी, घालून थेट हार्टच्या मसलमध्ये १५-२० ठिकाणी इंजेक्शन द्यायचं. खर्च साडेनऊ लाख, त्यातले दोन लाख आधी भरायचे. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ आले, एक काका जिना चढतायत, एक काकू नातवाला उचलतायत. तिथल्या काउन्सेलर बाई दादाला दिवसाआड फोन करतात. दादाने रस्त्याकडेचे वीस गुंठे विकायची बोलणी सुरू केलीयत आणि घेणारा सोमवारी टोकन घेऊन येणार आहे.

मी पुण्यात असते, मेडिकलची नाही, अकाउंट्समध्ये आहे. पण गेले तीन आठवडे रात्री जागून जमेल तेवढं वाचलंय. काय समजलं ते लिहिते, चुकत असेन तर डॉक्टर मंडळींनी प्लीज सांगा.

पहिली गोष्ट म्हणजे ही पद्धत खोटी नाही, खरंच असते. स्टेंट टाकताना करतात तसंच मांडीच्या धमनीतून कॅथेटर वर न्यायचा, पण तो हार्टच्या नळीत न घालता महाधमनीतून, झडपेतून उलटा डाव्या कप्प्यातच उतरवायचा. त्याच्या टोकाशी बारीक सुई असते, ती आतल्या बाजूने भिंतीत टोचून तिथे थोडं थोडं, एका ठिकाणी पाव एमएलच्या आसपास, औषध सोडतात. एका प्रकारच्या कॅथेटरची सुई बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखी पिळाची असते, म्हणजे हार्ट धडधडत असताना ती निसटत नाही. आणि टोचायचं कुठे ते अंदाजाने ठरवत नाहीत. कॅथेटर आतून भिंतीला ठिकठिकाणी टेकवून तिथली वीज मोजतात आणि त्यावरून कॉम्प्युटरवर हार्टचा रंगीत नकाशा तयार होतो. जिथे वीज अगदीच कमी तो मेलेला भाग, व्रण. तिथे टोचून उपयोग नसतो. जिथे मसल जिवंत आहे पण मरगळलाय, साधारण व्रणाच्या कडेकडेने, तिथे टोचायचं.

हे मी आप्पांना फोनवर सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "आगं, म्हंजी वाळल्या वलांड्याला न्हाई, डोळा जिता हाय तितंच औषध लावायचं." (वलांडा म्हणजे द्राक्षवेलीची मोठी फांदी, डोळा म्हणजे तिच्यावरचा कोंब.) मला काही बोलताच येईना. त्यांना माझ्यापेक्षा चांगलं समजलं होतं आणि आवाजात आशा होती, हेच अवघड आहे.

पण मग हेच वाचताना दोन गोष्टींपाशी मी अडकले. एक म्हणजे, डाव्या कप्प्यात गुठळी असेल तर हे करतच नाहीत. कॅथेटर आत सगळीकडे फिरणार, गुठळीचा तुकडा सुटला तर सरळ मेंदूत. आणि दुसरी, भिंत जिथे पातळ झालीय तिथे सुई आरपार जाऊ शकते, मग हार्टच्या भोवतीच्या पिशवीत रक्त साचून जिवावर बेततं. आप्पांना गुठळी होऊन गेलीय, टोकाचा फुगवटा अजून आहे, तिथली भिंत पातळ आहे असं रिपोर्टात स्पष्ट लिहिलंय. मी काउन्सेलर बाईंना हे दोन्ही विचारलं. म्हणाल्या "ते डॉक्टर बघतील मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका." नकाशाची मशीन वापरता का विचारलं तर म्हणे आमचे सर खूप एक्सपिरियन्स्ड आहेत. बरं, आजतागायत त्यांनी सप्टेंबरचा इकोसुद्धा मागितलेला नाही, फक्त आधार कार्ड आणि डिस्चार्ज समरी मागितली.

आता फायदा किती होतो ते. यात मी आशेने वाचायला गेले होते, खरंच सांगते. २००३ मध्ये ब्राझीलमध्ये रिओला बोन मॅरोच्या पेशी अशाच आतून टोचल्या होत्या, पेशंट अगदी थोडे होते, पण रिझल्ट बरे आले म्हणून जगभर उत्साह पसरला. मग अमेरिकेत पाच सेंटर्सनी मिळून ९२ पेशंटवर नीट तुलना करून पाहिली, त्याचा निकाल २०१२ मध्ये आला. स्वतःच्याच बोन मॅरोच्या १० कोटी पेशी, नकाशा बघून टोचलेल्या, म्हणजे जवळजवळ तेच जे आम्हाला विकलं जातंय. ज्यांना पेशी दिल्या आणि ज्यांना नुसतं पेशी नसलेलं द्रावण दिलं त्यांच्यात ठरवलेल्या मोजमापांत फरक निघाला नाही. नंतर २०२३ मध्ये ड्रीम-एचएफ नावाची मोठी ट्रायल छापून आली, ५३७ पेशंट, निरोगी दात्यांच्या बोन मॅरोतून वाढवलेल्या १५ कोटी पेशी. दुसऱ्या गटाला कॅथ लॅबमध्ये नेऊन नुसतंच नाटक केलं, म्हणजे कुणाला काय मिळालं ते पेशंटला कळू नये. हार्ट फेल्युअरमुळे परत परत अॅडमिट होणं कमी व्हावं हा मुख्य हेतू होता, तो साधला नाही. हार्ट अटॅक आणि स्ट्रोक मात्र कमी दिसले, विशेषतः ज्यांच्या रक्तात सूज दाखवणारा सीआरपी वाढलेला होता त्यांच्यात. त्यामुळे संशोधन चालू राहावं असं मलाही वाटतं. पण ते संशोधन आहे, आणि पेशीही वेगळ्या आहेत.

दादाचा मित्र म्हणतो हार्टमध्ये नवीन मसल उगवतो हे हार्वर्डने सिद्ध केलंय. त्याच हार्वर्डने २०१८ मध्ये, असा दावा करणाऱ्या आपल्याच लॅबचे ३१ शोधनिबंध मागे घ्यायला सांगितले, आकडे आणि चित्रं बनावट असल्याच्या कारणाने. हे मी दादाला पाठवलं. निळी टिक आली, उत्तर आलं नाही.

आणि आपल्याकडे आयसीएमआरच्या (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या नियमावलीत सरळ लिहिलंय की रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांसाठी जे बोन मॅरो ट्रान्सप्लांट करतात ते सोडलं तर स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमध्येच वापरायच्या. ट्रायल असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदणी यादीत, तिचा नंबर असतो आणि संशोधनाचा खर्च पेशंटकडून घ्यायचा नसतो. मी नंबर मागितला तर उत्तर आलं, "ही ट्रायल नाही मॅडम, ट्रीटमेंट आहे."

मला सगळ्यात जास्त छळतंय ते पुढचं. मिरजेच्या डॉक्टरांनी नोव्हेंबरमध्ये आयसीडी सुचवलं होतं. ठोके अचानक भलतेच बिघडले तर आतून शॉक देऊन सरळ करणारं यंत्र. ईएफ ३५ च्या खाली आणि तीन महिने पूर्ण औषधं देऊनही तसाच असला तर ते सुचवतात. साधारण चार लाख खर्च सांगितला होता. तेव्हा घरात पैसे नाहीत म्हणून विषय तिथेच थांबला, मीही जोर लावला नाही. औषधंही अजून पूर्ण डोसला गेलेली नाहीत. म्हणजे ज्याचा उपयोग नक्की माहितीय ते अर्धं राहिलंय आणि साडेनऊ लाखांसाठी जमीन निघालीय. दादा वाईट नाही हो. बाग पडली त्या वर्षीपासून एकटा सगळं ओढतोय, आप्पांना त्या रात्री उशिरा नेलं हे त्याच्या मनातून जात नाही. त्याला काहीतरी मोठं करायचंय त्यांच्यासाठी.

तर माझे प्रश्न. कुणाच्या घरी हे इंजेक्शन प्रत्यक्ष केलंय का, आणि केलं असेल तर सहा महिने, वर्षानंतर पेशंट कसा आहे? पहिल्या पंधरा दिवसांचं नको, नंतरचं सांगा. भारतात सध्या अशी खरी, नोंद असलेली ट्रायल कुठे चालू आहे का, जिथे आप्पांसारखा गुठळी होऊन गेलेला पेशंट निदान तपासून तरी बघतील? सांगली-कोल्हापूर-पुणे भागात हार्ट फेल्युअरची वेगळी ओपीडी कुठे आहे? आयसीडीचा खर्च जनआरोग्य योजनेतून किंवा मुख्यमंत्री सहाय्यता निधीतून कुणाला मिळालाय का, कागदपत्रं काय लागली? आणि शेवटचा प्रश्न मेडिकल नाही: मोठ्या भावाला हे कसं सांगायचं, की त्याला असं वाटू नये की पुण्यात बसून ही मला शिकवतेय आणि आप्पांवर खर्च करायला हिचा विरोध आहे?

रात्री ११ वाजता भर घालतेय

इतक्या लवकर एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं, मनापासून आभार. औषधं विचारलीत म्हणून: सॅक्युबिट्रिल-वलसार्टन ५० दिवसातून दोनदा, मेटोप्रोलॉल ५०, डापाग्लिफ्लोझिन १०, लघवीसाठी डायटॉर १०, शिवाय अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्ट्रॉलची. स्पायरोनोलॅक्टोन चालू होती, पोटॅशियम वाढून ५.८ आलं म्हणून ऑगस्टमध्ये बंद केली ती परत कुणी सुरूच केली नाही. बीपी ९८/६० च्या आसपास. ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हार्टच्या डाव्या बाजूला वीज उशिरा पोचणं) आहे का असं एकांनी विचारलंय, डिस्चार्ज समरीत तसं काही लिहिलेलं नाही पण ती जुनी आहे, नवीन ईसीजी काढून घेते. तसा ब्लॉक असेल तर आयसीडीच्या ऐवजी दोन्ही कप्पे एकत्र चालवणारं यंत्र विचारात घेतात हे मला माहीतच नव्हतं, हा मुद्दा फार कामाचा निघाला.

संध्याकाळी धीर करून मिरजेच्या डॉक्टरांना फोन लावला. वाटलं होतं रागावतील, रागावले नाहीत. म्हणाले शनिवारी घेऊन या, आणि शक्य असेल तर मुलालाही आणा, मी त्याच्याशी बोलतो. गुठळी नक्की गेली का ते बघायला कॉन्ट्रास्ट देऊन इको करू, पोटॅशियम परत तपासून बंद केलेली गोळी कमी डोसने सुरू करता येते का बघू, आणि आयसीडीचं यावेळी ठरवूनच टाकू. इंजेक्शनबद्दल एवढंच म्हणाले की माझे वडील असते तर मी नेलं नसतं.

दादाला अजून सांगितलेलं नाही. आप्पांना सांगितलं. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "वीस गुंठ्याचं ऱ्हाऊ दे तूर्त. तू ये शुक्रवारी, वही घिऊन जाऊ डाक्तरकडं."

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतेय. सोमवारच्या टोकनच्या आधी दादाला दवाखान्यात न्यायला जमलं पाहिजे. डॉक्टरांना शनिवारी आणखी काय विचारू ते तोपर्यंत कुणाला सुचलं तर इथे टाका, मी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतेय.