फोरहँड शिकायला पहिला ड्रायव्हर: फायरबर्ड नकोच

फुटाळाकाठी
मामेबहीण दिवाळीला टेक्सासहून नागपूरला येते आहे. डिस्क गोल्फच्या (फ्रिसबीसारखी चकती फेकून टोपलीत टाकायचा खेळ) डिस्क दोनच आणीन म्हणाली, कारण बाकीची बॅग मामीच्या यादीनं आधीच भरली आहे. एक पटर, म्हणजे जवळून टोपलीत टाकायची, ठरली. दुसरी फोरहँड (तळहात पुढे ठेवून मनगटाच्या झटक्यानं बाजूनं फेकणं) शिकायला ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क. ग्रुपमध्ये सगळ्यांचं एकच: फायरबर्ड नावाची डिस्क मागव. माझा याला विरोध आहे.

डिस्क गोल्फच्या डिस्कवर चार आकडे असतात: वेग, तरंग, सुरुवातीचं वळण आणि वेग कमी झाल्यावरचं वळण. फायरबर्डचे ९, ३, ०, ४. तो शेवटचा ४ म्हणजे उजव्या हाताचा फोरहँड कसाही सुटो, डिस्क शेवटी उजवीकडे जाऊन बसणार. मनगट वाकडं फिरलं, डिस्क लडबडली, तरी ती स्वतःच सावरते आणि आपल्याला वाटतं, जमलं! मला टीबर्ड (७, ५, ०, २) नाहीतर लेपर्ड (६, ५, -२, १) हवी. हात चुकला की लेपर्ड डावीकडे पलटी खाऊन जमिनीत. शिकताना अशीच चुगलखोर डिस्क पाहिजे.

मानेवाड्याचा भाऊ
चुगलखोर पाहिजे त आमच्या शेजारच्या काकूले घेऊन जा न मैदानावर.

मी लेपर्डनंच सुरू केलं होतं बावा. दोन महिने फोरहँड फेकला का डावीकडे लोळण. रोज तेच. वैतागून बंद करून टाकलं. मग एका दोस्ताची फायरबर्ड हाती आली अन् पहिल्याच दिवशी डिस्क हवेत शेवटपर्यंत राहिली. फोरहँडमध्ये बॅकहँडपेक्षा (हात छातीवरून आडवा नेऊन फेकते तो) फिरकी कमी भेटते अन् लडबड जास्त होते, हे त सगळेच सांगतात. मग लडबड सहन करणारी डिस्क काऊन नको? माणसाले आधी वाटलं त पाहिजे का आपल्याले हे जमते.

फुटाळाकाठी
वाटणं आणि जमणं यात फरक आहे, भाऊ. तुझा फोरहँड मी पाहिला आहे. फायरबर्ड सुंदर जाते. परवा माझी टीबर्ड हातात दिली तर थेट कडुनिंबात.

मानेवाड्याचा भाऊ
हवा होती बे.

डावरा धंतोलीकर
हवा होती हे खरं असू शकतं. समोरून वारा आला की कुठलीही डिस्क सुरुवातीच्या वळणाकडे जास्त झुकते, आणि टीबर्ड तिथे फायरबर्डइतकी टिकत नाही. मे महिन्यातल्या दुपारच्या वावटळीत तर दोन्ही नकोत, घरी बसावं.

नवीन वाचणाऱ्यांसाठी एक: वरच्या सगळ्या दिशा उजव्या हाताच्या आहेत. माझा डाव्या हाताचा फोरहँड शेवटी डावीकडे वळतो, म्हणजे उजव्या हाताचा बॅकहँड जिकडे जातो तिकडेच. मी पहिले तीन महिने व्हिडिओ पाहून उलटं शिकलो, कुणी सांगितलंच नाही. असो. मत विचाराल तर फुटाळाकाठीच्या बाजूनं, पण लेपर्ड नको, टीबर्ड.

पोरगा नवीन
दादा, एक विचारू? मोठे खेळाडू डिस्ट्रॉयर वापरताना दिसतात. एकच घ्यायची तर सरळ तीच का नाही?

डावरा धंतोलीकर
डिस्ट्रॉयरचा वेग १२. तो आकडा डिस्क किती जोरात फेकावी लागते ते सांगतो, ती किती लांब जाईल ते नाही. तेवढा जोर नसला की ती थोडी जाऊन बाजूला बसते. नको.

फ्लिकवाली
मी अल्टिमेट (फ्रिसबीचा सांघिक खेळ) खेळून इकडे आले, त्यामुळे फोरहँड (आम्ही फ्लिक म्हणतो) हातात होताच. तरी पहिले काही आठवडे हाल झाले. अल्टिमेटची १७५ ग्रॅमची डिस्क रुंद आणि बोथट कडेची, तिला थोडं नाक (पुढची कड) वर करून तरंगवायची सवय लागते. गोल्फ ड्रायव्हरचं नाक वर राहिलं की तो वर चढतो, थांबतो आणि खाली पडतो. फायरबर्डनं माझी ही चूक लपवली नाही, उलट वाढवली, कारण तिचा तरंग फक्त ३. त्यामुळे ‘ती सगळं माफ करते’ हे अर्धंच खरं. लडबड माफ करते, नाक नाही.

माझं वेगळंच मत आहे: ड्रायव्हर कशाला? रॉक३ (५, ४, ०, ३) मागव. फिरकी मनगटातून येते की नाही, हे अशी मिडरेंज (मधल्या अंतराची) डिस्क लगेच दाखवते.

फुटाळाकाठी
ताई, नाकाचा मुद्दा मी विसरलोच होतो. पण मिडरेंज मला फोरहँडला पकडताच येत नाही. दोन बोटं आतल्या कडेला टेकवून वर अंगठा, एवढंच तर धरणं. ड्रायव्हरची कड रुंद, तिथे बोटांना रेटायला जागा मिळते. रॉकची कड अरुंद. माझी बोटं निसटतात.

फ्लिकवाली
निसटतात कारण तू दाबत नाहीस. पण ठीक आहे, हात ज्याचा त्याचा.

कोपरवाला
दोन वर्षांपूर्वी मी याच नादात कोपराची आतली बाजू दुखावून घेतली, म्हणून बोलतो. डिस्क कुठलीही घ्या, पण फायरबर्ड घेतली तर एक मोह होतो. ती कितीही जोर सहन करते, म्हणून आपण पूर्ण खांदा लावून फेकतो. कोपर शरीराजवळ राहत नाही, हात फरफटतो, सगळा ताण आतल्या शिरेवर. मला चार महिने स्कूटरची किक मारली तरी कळ यायची, आता हातानं किक मारत नाही हे मान्य, पण हँडल धरावं लागतं ना. अर्ध्या जोरानं सरळ जाणारी डिस्क मला तेव्हा मिळाली असती तर बरं झालं असतं.

मानेवाड्याचा भाऊ
जोर किती लावायचा हे डिस्क ठरवत नाही, डोकं ठरवते. आमच्याकडं मुरूम आहे, गवत नाही. स्वस्त प्लास्टिकची टीबर्ड त्या मुरमावर एक मोसम आपटली का झाली तिची लेपर्ड. मग काय करशील? चॅम्पियन (टिकाऊ, महागड्या) प्लास्टिकची फायरबर्ड वर्षानुवर्षं तशीच राहते. अन् १८० ग्रॅमची मागव, हवेत टिकते.

डावरा धंतोलीकर
१८० मिळणार नाही. नियम व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमचा आहे. या ड्रायव्हरचा व्यास २१ च्या आसपास, म्हणजे १७५ च्या जवळ गाडी थांबते.

आणि मुरमावर घासून टीबर्ड सरळ होत जाते, तो मला फायदा वाटतो. हात सुधारत जातो तशी डिस्कही सौम्य होत जाते. फुकटात दुसरी डिस्क मिळाली.

फुटाळाकाठी
आज सकाळी सहाला रेशीमबागेच्या कोपऱ्यात, क्रिकेटवाले यायच्या आधी, मी आणि मानेवाडा गेलो. त्याची फायरबर्ड, माझी टीबर्ड, प्रत्येकी दहा फोरहँड. मागून मोबाइल लावला. फायरबर्ड दहाच्या दहा उजवीकडे, एका चादरीवर मावतील अशा पडल्या. टीबर्ड सहा बऱ्या, चार इकडे तिकडे.

पण व्हिडिओ हळू करून पाहिला तर फायरबर्डच्या आठ फेकी सुटताना थरथरत होत्या. टीबर्डच्या ज्या चार वाया गेल्या, त्याच थरथरत होत्या.

मानेवाड्याचा भाऊ
दहापैकी दहा, हे लिहिलं न बे आधी. थरथरल्या त थरथरल्या, पोहोचल्या न.

फुटाळाकाठी
मामेबहिणीला मेसेज टाकला: टीबर्ड, साधं, स्वस्तातलं डीएक्स प्लास्टिक, १६५ ते १६८ ग्रॅम. माझी ही टीबर्ड फ्लिकवालीच्या भावाची आहे, परत द्यायची आहे.

फ्लिकवाली
कडुनिंबाचा चीक लागलेला आहे तिला. पुसून दे.

मानेवाड्याचा भाऊ
अन् तर्री पोह्याचे पैसे दे. दहापैकी सहावाला देते, ठरलं होतं.