ब्लूज वाजवताना नेमकं काय वाजवायचं असतं?

तारछेड

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा, दोन वर्षं गिटार शिकतोय. सध्या सरांनी बारा बारचा (बार म्हणजे चार ठोक्यांचा एक गट) ब्लूज दिलाय, ए मध्ये. ए, डी, ई या तीन कॉर्ड आणि पेंटाटोनिक म्हणजे पाच सुरांचं स्केल, सगळं पाठ आहे. तरी सर म्हणतात, "सूर बरोबर आहेत, पण ब्लूज कुठाय?" क्लासमधला एक जण म्हणतो, ब्लूज म्हणजे रडगाणं, एखादं दुःख आठव आणि वाजव. तेही करून पाहिलं, जमलं नाही. शिवाय जिथे तिथे वाचतो की हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, त्यांची ओळख. तीन कॉर्डमध्ये एका समाजाची ओळख कशी मावते? कुणी नीट समजावून सांगेल का?

सप्तक

सुरांपुरतं सांगतो. ब्लूजचा गंधार ना धड कोमल, ना धड शुद्ध, दोघांच्या मधे कुठेतरी लागतो. कोमल गंधारावर बोट ठेवून तार किंचित ओढा आणि शुद्धाला पोचायच्या आधी थांबा. पियानोवर तो सूरच नाही, म्हणून वाजवणारे दोन शेजारच्या पट्ट्या एकत्र चेपतात. बाकी जाणकार सांगतीलच.

मेम्फिसकर

चौदा वर्षं अमेरिकेत मेम्फिसला राहतोय. वयानं बराच मोठा असेन, म्हणून अरे-तुरे करतो.

तुझ्या मित्रासारखंच मलाही वाटायचं. इथून हायवे 61 धरून दक्षिणेला साधारण 120 किलोमीटरवर क्लार्क्सडेल लागतं. दोन्ही बाजूंना कापूस आणि सोयाबीन, जमीन ताटासारखी सपाट. हीच मिसिसिपी डेल्टा. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या एका छोट्या बारमध्ये शिरलो. लाल दिवे, पाच-सहा टेबलं, तळलेल्या कॅटफिशचा वास. गाणारा सत्तरीचा, गाणं बायको सोडून गेल्याचं. समोर कडक इस्त्रीच्या झग्यातल्या साठीच्या दोन बायका बसल्या होत्या. त्यानं ओळ टाकली की त्या मोठ्यानं जबाब द्यायच्या आणि खळखळून हसायच्या. तीच ओळ दुसऱ्यांदा आली तोवर अर्धी खोली उठून नाचायला लागली होती. दुःख ऐकायला म्हणून मी गेलो होतो, आणि तिथे दुःखाला घराबाहेर काढणं चाललं होतं.

आता तुझा ओळखीचा प्रश्न. 1865 मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली, पण जमीन गोऱ्या मालकाचीच राहिली. बियाणं, खेचर, मीठ-पीठ सगळं त्याच्याकडून उधारीवर. कापूस आला की निम्मा त्याचा, आणि वर्षाअखेरीला वही उघडली की बहुतेकांच्या नावावर देणंच निघायचं. वही मालकाची, आकडेही मालकाचे. मग माणसाच्या हाती नवं काय आलं? पायी निघून जाता येणं, आणि जीव कुणावर लावायचा ते स्वतः ठरवणं. गुलामीत नवरा एका मळ्याला आणि बायको दुसऱ्या मळ्याला विकली जायची. म्हणून ब्लूजमध्ये सतत रस्ता आहे, आगगाडी आहे, प्रेम आहे. आणि सगळ्यात आधी "मी" आहे.

त्या आधीची गाणी एकत्र राबणाऱ्या टोळीची. लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सनं 1947-48 मध्ये मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगात मुद्रित केलेली कैद्यांची कामाची गाणी ऐक. कुऱ्हाडींचे घाव हाच ताल, एक जण ओळ टाकतो, बाकीचे उचलतात. ब्लूज गाणारा मात्र एकटा असतो. टोळी नाही, मग जबाब कोण देणार? गिटार देते. तुझं बहुधा इथेच अडतंय. तू स्केल वाजवतोयस, जबाब देत नाहीयेस.

पुढे ब्लूजचा मोठा गायक झालेला मडी वॉटर्स क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. 1941 मध्ये हाच लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क यांनी मळ्यावर येऊन त्याचं गाणं मुद्रित केलं. तबकडी हातात आल्यावर त्यानं सूट घातला आणि ती धरून फोटो काढून घेतला. तो फोटो शोधून बघ. दुसऱ्याच्या शेतात राबणारा माणूस आपला आवाज हातात घेऊन बसलाय. 1943 मध्ये तो शिकागोला निघून गेला. त्याच्या लाकडी खोपट्याचा सांगाडा आता क्लार्क्सडेलच्या संग्रहालयात उभा आहे. त्याच्यासमोर मी किती वेळ उभा होतो, आठवत नाही.

माझ्याबरोबर गोदामात एक बाई काम करतात. त्यांच्या आजीनं कापूस वेचलाय. त्या सांगतात, मुकादमाला तोंडावर बोलायची सोय नव्हती, म्हणून गाण्यातल्या छळणाऱ्या बाईला बोलायचं. ज्यांना कळायचं त्यांना कळायचं.

जुनी_तबकडी

मेम्फिसकर, छान लिहिलंत, पण बायका राहिल्या. ऑगस्ट 1920 मध्ये मेमी स्मिथनं ब्लूज गाऊन तबकडी काढली, ती धडाधड खपली, तेव्हा कंपन्यांना कळलं की कृष्णवर्णीय माणूसही पैसे मोजून आपलं गाणं विकत घेतो. मग मा रेनी, बेसी स्मिथ या गायिका आल्या. त्यांच्या गाण्यातली बाई मारणाऱ्या नवऱ्याला सोडते, गावोगाव फिरते, आपल्या मनाचं करते. बेसी 1937 मध्ये याच हायवे 61 वरच्या अपघातात गेली. इतकी मोठी गायिका, पण तिच्या थडग्यावर 1970 पर्यंत दगड नव्हता. तो बसवला रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन आणि हुआनिता ग्रीन या दोघींनी. ग्रीनबाईंनी लहानपणी बेसीच्या घरची फरशी पुसली होती. मला हे वाचून अजूनही भरून येतं.

तारछेड

सगळ्यांचे खूप आभार. फोटो पाहिला, दादा. आता एक भीती वाटतेय. हे सगळं त्यांचं असेल, तर मी वाजवणं बरोबर आहे का?

मेम्फिसकर

हाच प्रश्न मी त्या बाईंना विचारला होता. त्या म्हणाल्या, वाजव, पण कुणाचं आहे ते विचारायच्या आधी सांग. मला ते पटलं. तूही वाजवशील तेव्हा आधी नाव घे.

आणि आजपासून गाऊन वाजव. आवाज कसाही असो. तुझ्याच घरातली, मराठीतली एक खरी ओळ घे. ए वर साधारण दोन बार ओळ म्हण, उरलेले दोन गिटारला दे. तीच ओळ परत म्हण, आता खाली डी आहे. शब्द तेच, पण खालची जमीन सरकलेली असते, म्हणून ऐकणाऱ्याला ती वेगळी लागते. ई वर तिचा जबाब दे, आणि डी वरून ए ला घरी ये. सप्तक म्हणतात तो मधला गंधार ओळीच्या शेवटी लाव.

आठवडाभरानं मुद्रित करून इथे टाक. मी त्या बाईंना ऐकवतो.