व्हर्च्युअलबॉक्सचं भोक कंपनीला न सांगता चव्हाट्यावर मांडलं, बरोबर केलं की चूक?

निवांत_नाना
भावाशी रात्री दोन वाजेपर्यंत वाद झाला म्हणून इथे टाकतोय. व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे ऑरेकल कंपनीचं सॉफ्टवेअर, आपल्या कम्प्युटरच्या (होस्ट) आत दुसरा खोटा कम्प्युटर (व्हीएम) चालवणारं. २०१८ आठवतंय का, ६ नोव्हेंबरला सर्गेई झेलेन्युक नावाच्या रशियन रिसर्चरने ऑरेकलला अवाक्षर न सांगता व्हर्च्युअलबॉक्सचा झीरो-डे (अजून पॅच नसलेलं भोक) सरळ गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांना दाखवायच्या साइटवर टाकला, व्हिडिओसकट. बग होता ई१००० मध्ये, म्हणजे इंटेलचं जे नेटवर्क कार्ड व्हीएमला खोटंखोटं दाखवतात त्या कोडमध्ये. पॅकेटच्या लांबीचं गणित करताना लहान आकड्यातून मोठा वजा व्हायचा, आकडा अनसाइन्ड (उणे होऊच न शकणारा), त्यामुळे उणे येण्याऐवजी काहीतरी अवाढव्य यायचं आणि मग बफर (डेटासाठी राखलेली जागा) संपला तरी पुढे लिहीतच सुटायचं. व्हीएममध्ये रूट (सगळे अधिकार) असलेला माणूस डायरेक्ट होस्टवर. आणि हे कार्ड प्लस नॅट (व्हीएमला होस्टमार्फत इंटरनेट देण्याची पद्धत) म्हणजे डिफॉल्ट सेटिंग, नेक्स्ट नेक्स्ट दाबत गेलेल्या सगळ्यांचं तेच.

माझं मत, बरोबर केलं. ऑरेकलचे सिक्युरिटी पॅच दर तीन महिन्यांनी, जानेवारी एप्रिल जुलै ऑक्टोबर. ऑक्टोबरचा हप्ता नुकताच होऊन गेलेला, व्हर्च्युअलबॉक्सची ५.२.२० आवृत्ती आलेली. गुपचूप कळवलं असतं तर बहुतेक जानेवारी उजाडला असता. बोंब ठोकल्यावर? ९ नोव्हेंबरला ५.२.२२ हजर. तीन दिवस!

खिडकीतला_मांजर
नाना, असहमत. हे तीन दिवस तुम्ही कौतुकाने मोजताय, त्या तीन दिवसांत उघडं कोण पडलं ते बघा ना. व्हर्च्युअलबॉक्स वापरतं कोण, तर मालवेअर तपासणारी पोरं, आणि ती मालवेअर मुद्दाम अ‍ॅडमिन म्हणूनच चालवतात आत, म्हणजे "आधी रूट पाहिजे" ही अट त्यांच्यासाठी असून नसल्यासारखी. वॉचमन झोपतो हे कळल्यावर सेक्रेटरीला न सांगता नाक्यावर बोर्ड लावायचा आणि वर म्हणायचं बघा कसा वॉचमन लगेच बदलला.

निवांत_नाना
सेक्रेटरी फोनच उचलत नसेल तर?

खिडकीतला_मांजर
या बगसाठी त्याने फोन लावलाच नव्हता हो. तोच तर मुद्दा आहे.

बारामती_टू_बर्लिन
थोडं तांत्रिक. "डायरेक्ट होस्टवर" हे अर्धंच खरं. या बगने होस्टवर रिंग ३ मिळते, म्हणजे साध्या युजरएवढेच अधिकार, कर्नलपर्यंत (सिस्टिमच्या गाभ्यापर्यंत) जायला व्हर्च्युअलबॉक्सच्याच ड्रायव्हरमधून आणखी एक उडी मारावी लागते. अर्थात आपल्या बहुतेकांचे फोटो, पासवर्ड, प्रोजेक्टचा कोड सगळं साध्या युजरच्याच फोल्डरमध्ये असतं त्यामुळे चोराला तेवढं पुरे 😅

बाकी मी नानांच्या बाजूने. त्या माणसाने तोडगाही लिहून दिला होता, कार्डाचा प्रकार बदलून पीसीनेट किंवा पॅराव्हर्च्युअलाइज्ड करा, जमत नसेल तर निदान नॅट सोडा. आणि चिडण्याची कारणंही लिहिली होती: पॅचसाठी अर्धं वर्ष थांबणं नॉर्मल समजतात, बाउंटीवाले (बग शोधल्याबद्दल पैसे देणारे) बग तपासायलाच महिनाभर लावतात आणि मधेच मत बदलतात. फुकटात राबायचं आणि वर ताटकळायचं, का म्हणून?

गणपुले_सर
चीड समजू शकतो, पण चीड कंपनीवर आणि धोका वापरणाऱ्यांना, हा हिशोब मला कळला नाही. त्याच महिन्यात व्हीएमवेअर या असल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या व्हीएमएक्सनेट३ मधलं भोक बुजवलं गेलं, तेही खोट्या नेटवर्क कार्डातलंच, तेही होस्टपर्यंत नेणारं. ते चिनी टीमने शांघायच्या गीकप्वन स्पर्धेत दाखवलं, रेसिपी वाटली नाही, कंपनीला कळलं, पॅच आला, विषय संपला. मधला रस्ता आहे की! गूगलचं प्रोजेक्ट झीरो (बग शोधणारी टीम) कंपनीला ९० दिवस देतं आणि मग जाहीर करतं, कंपनी रडो की पडो. ९० नको तर ३० द्या, ७ द्या. शून्य का?

निवांत_नाना
सर, सात दिवस दिले असते तर चाललं असतं, हे मान्य. पण नुसतं "जरा बघा" म्हणून ऑरेकल तीन दिवसांत हललं असतं हे मला कोणी पटवून देऊ नये.

खिडकीतला_मांजर
तीन दिवसांत हलले कारण त्याने कुठली ओळ, कुठला डिस्क्रिप्टर (पॅकेटची माहिती कार्डाला देणारी नोंद) सगळं आयतं लिहून दिलं होतं. तेच ईमेलमध्ये लिहिलं असतं तर कदाचित तेवढ्यातच झालं असतं, आता कोणाला ठाऊक.

लॅबवाला_दादा
तुमचं चालू द्या, मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये आहे, हा धागा वाचून सहज उठून मशिनी बघितल्या. पहिल्या रांगेत आठ, आठही व्हर्च्युअलबॉक्स ५.२.८ वर. ई१०००, नॅट, आत पोरांना रूट. ५.२ चा सपोर्टच २०२० ला संपलाय. अपडेट करायचं तर इमेज (सगळ्या मशिनींवर टाकायची तयार प्रत) नव्याने बनवावी लागेल, त्याला वरून परवानगी, परवानगीला परीक्षा संपायला पाहिजे.

बारामती_टू_बर्लिन
दादा, इमेज राहू द्या, आजच सेटिंग्ज, नेटवर्क, अ‍ॅडॉप्टर टाइप, पीसीनेट करून टाका. व्हीएम बंद करून मग बदला, चालू असताना होत नाही.

लॅबवाला_दादा
दोन केल्या. इंटरनेट चालतंय. बाकीच्या जेवून आल्यावर.