कुमार गंधर्व : माळव्याचा परिणाम की आजाराचा? ऐकवून दाखवायला मदत हवी आहे

दीड तासाच्या श्रवणसत्राची तयारी चालू आहे. विषय : बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकलेल्या शास्त्रीय गायक कुमारजींच्या गाण्यात १९४८ नंतर माळव्यातल्या देवासच्या वास्तव्याने काय बदललं.

निर्गुणी भजनांपाशी (निराकार ईश्वराची, कबीरादी संतांची पदं) गाडी अडते. छोटे, तुटक स्वरसमूह आणि आवाजाची अचानक उंच फेक. कुणी म्हणतं हे नाथपंथी जोग्यांचं, कुणी म्हणतं क्षयाने एक फुप्फुस निकामी झाल्याने दमच पुरत नव्हता. मला दोन्ही थोडं थोडं खरं वाटतं, पण वाटून काय उपयोग, कानाला पटायला हवं.

लोकगायकाचं आणि कुमारजींचं एकच भजन पाठोपाठ लावून पाहिलं. पट्टी वेगळी, लय वेगळी; श्रोते त्यातच अडकतात. सॉफ्टवेअरने पट्टी जुळवली, तर दोन स्वरांपेक्षा जास्त सरकवताच आवाज कार्टूनसारखा होतो. कुमारजींच्या आजारापूर्वीच्या ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्याही लावल्या, पण एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तिथे सगळेच आटोपशीर गातात, म्हणून तो पुरावा लंगडा पडतो. संजाची गाणी (माळव्यातल्या मुलींची लोकगीतं) चार-पाच सुरांतली, त्यांचा धुनउगम रागांशी, म्हणजे कुमारजींनी लोकधुनांतून घडवलेल्या रागांशी, सांधा दाखवता येतो. तो भाग जमलाय, त्यावर सुचवण्या नकोत. कुमारजींच्या बंदिशींचा संग्रह 'अनूपरागविलास' हाताशी आहे. तंबोरा आणि गाणारी एक विद्यार्थिनी मिळेल, तबला नाही.

तर आजारापूर्वीचं, तीन मिनिटांहून लांब असं कुमारजींचं एखादं ध्वनिमुद्रण ऐकायला मिळतं का? नसेल, तर धडधाकट छातीच्या कुठल्या माळवी निर्गुणी गायकाच्या कुठल्या भजनात हीच फेक स्पष्ट ऐकू येते?